रुग्णशय्येजवळचे गांधीजी

1927 सालच्या मार्च महिन्याची अखेर होती. खादीच्या प्रचारासाठी महात्मा गांधी गावोगाव हिंडत होते. रोजच्या सभा, भेटीगाठी, प्रवास आणि पहाटेपासूनचे पत्रलेखन असा क्रम कित्येक महिने अखंड चालला होता. कोल्हापूरच्या मुक्कामात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. तेथून ते निपाणीला आले, परंतु पुढचा दौरा करणे त्यांना शक्य झाले नाही. रक्तदाब फार वाढला होता. सर्व कार्यक्रम रद्द करून पूर्ण विश्रांती घ्यावी, असे डॉक्टरांनी त्यांना निक्षून सांगितले. काही दिवस आंबोलीच्या थंड हवेत काढल्यावर एप्रिलमध्ये त्यांना म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर नेण्यात आले आणि जूनच्या आरंभी ते बंगळूरला, म्हणजे आजच्या बेंगळुरूला, आले.

कोट्यवधी लोकांना जागे करणारा हा नेता त्या वेळी स्वतः रुग्ण होता. सत्याग्रही गांधीजी, चरखा चालवणारे गांधीजी आपल्या परिचयाचे आहेत. रुग्णाच्या उशाशी बसलेले आणि स्वतः रुग्णशय्येवर पडलेले गांधीजी मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसतात. त्यांच्या जीवनाचा हा धागा लहानपणापासून अखेरपर्यंत अखंड राहिला.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे झाला. ते शाळेत शिकत असताना त्यांचे वडील नासूरच्या आजाराने अंथरुणाला खिळले. जखम धुऊन पट्टी बांधणे, वेळच्या वेळी औषध देणे आणि रात्री पाय चेपणे ही कामे मोहनदास आवडीने करीत. 1885 मध्ये वडिलांचे निधन झाले. त्या रात्री काही वेळापूर्वीच ते वडिलांजवळून उठून आपल्या खोलीत गेले होते. अखेरच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही खंत त्यांच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. पुढे विलायतेत शिकायला जायचे ठरले, तेव्हा डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. परंतु शवविच्छेदनाचे काम वडिलांना पसंत नव्हते, याची थोरल्या बंधूंनी आठवण करून दिली आणि ते बॅरिस्टर झाले. शुश्रूषेची ओढ मात्र कायम राहिली.

1893 मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. डर्बनमध्ये त्यांची वकिली चांगली चालू लागली, तरी त्यांना समाधान वाटेना. एकदा एक कुष्ठरोगी त्यांच्या दारी आला. त्याला नुसते जेवण देऊन वाटेला लावणे त्यांच्याने होईना. त्यांनी त्याला घरी ठेवून घेतले, त्याच्या जखमा बांधल्या आणि काही दिवसांनी त्याला सरकारी रुग्णालयात पाठवले. पुढे डॉक्टर बूथ यांच्या देखरेखीखाली पारशी रुस्तमजींच्या देणगीतून एक लहानसा धर्मार्थ दवाखाना सुरू झाला. वकिलीच्या कामातून रोज सकाळी वेळ काढून गांधीजी तेथे जाऊ लागले. आलेल्या रुग्णाची तक्रार नीट ऐकून घ्यायची, ती डॉक्टरांपुढे मांडायची आणि त्यांनी लिहून दिलेले औषध तयार करून रुग्णाच्या हाती द्यायचे, असे त्यांचे काम होते. रुग्णांत तमिळ, तेलुगू आणि उत्तर भारतीय गिरमिटिया मजुरांचा भरणा असे. आपले दुखणे साहेबापुढे कसे सांगावे, हे त्या मजुरांना उमगत नसे. त्यांचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवताना गांधीजींना एक गोष्ट कळून चुकली. रुग्णाचे म्हणणे नीट ऐकले गेले, तरच उपचाराला योग्य दिशा मिळते.

1904 मध्ये जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत प्लेगची भयंकर साथ पसरली. एकाच वेळी 23 माणसे आजारी पडली. गांधीजींच्या सहकाऱ्यांनी एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून रुग्णांना तेथे ठेवले. डॉक्टर गॉडफ्रे धावून आले. गांधीजी आणि त्यांच्या कचेरीतील तरुण कारकून रात्रभर रुग्णांची सेवा करीत राहिले. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने एक मोकळे गोदाम दिले आणि एक परिचारिका पाठवली. डॉक्टरांची परवानगी घेऊन गांधीजींनी तीन रुग्णांवर मातीच्या पट्ट्यांचा उपचार केला. त्यांतील दोघे वाचले. इतर सर्व रुग्ण दगावले आणि त्या परिचारिकेलाही प्लेगने गाठले. सेवा करून गांधीजी थांबले नाहीत. वस्तीची स्वच्छता राखण्याचे कर्तव्य नगरपालिकेने पार पाडले नव्हते. हा दोष त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघडपणे दाखवून दिला.

घरच्या आजारपणातही त्यांची अशीच परीक्षा झाली. 1902 च्या सुमारास मुंबईत असताना त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. त्याला न्यूमोनियाही झाला. मुलाला अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यावा, असा सल्ला पारशी डॉक्टरांनी दिला. गांधीजींना हा आहार मान्य नव्हता. त्यांनी जलोपचार करण्याचे ठरवले, परंतु डॉक्टरांशी संबंध तोडला नाही. नाडी, छाती आणि फुप्फुसे तपासण्याचे ज्ञान आपल्याला नाही, तेव्हा डॉक्टरांनी मधूनमधून येऊन मुलाला तपासावे आणि त्याच्या प्रकृतीची कल्पना द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. डॉक्टरांनीही त्यांची अडचण ओळखून ती मान्य केली. दहा वर्षांच्या मणिलालला त्यांनी सारी हकीगत सांगून त्याचे मत विचारले. ताप उतरेना, तेव्हा बापाच्या जिवाची घालमेल झाली. लोक काय म्हणतील, मुलाच्या जिवाशी खेळण्याचा आपल्याला काय अधिकार, असे प्रश्न त्यांना छळू लागले. अखेर ओल्या चादरीच्या उपचारानंतर ताप उतरू लागला आणि मणिलाल बरा झाला. हे यश ईश्वरी कृपेचे, पाण्याचे की शुश्रूषेचे, हे निश्चित सांगता येणार नाही, अशी कबुली गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे.

कस्तुरबांच्या आजारपणात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. 1909 च्या सुमारास डर्बनमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रकृती अतिशय क्षीण होती. त्यांना गोमांसाचा रस द्यावा लागेल, असे डॉक्टरांनी जोहान्सबर्गला दूरध्वनी करून गांधीजींना कळवले. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेल तर तिलाच विचारावे, असे गांधीजींचे उत्तर होते. अशा बाबतीत रुग्णाला विचारण्याची डॉक्टरांची तयारी नव्हती. गांधीजी डर्बनला पोहोचले, तेव्हा तो रस आधीच देऊन झाल्याचे त्यांना समजले. रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना अंधारात ठेवण्यात डॉक्टरांना गैर वाटत नव्हते. गांधीजींना मात्र ही फसवणूक वाटली. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हे मानूनही त्यांनी निर्णय कस्तुरबांवर सोपवला. धर्माविरुद्धचा आहार घेण्यापेक्षा मरण पत्करण्याची कस्तुरबांची तयारी होती. त्यांना हलवणे धोक्याचे आहे, अशी सूचना डॉक्टरांनी दिली होती. तरीही भुरभुरत्या पावसात गांधीजी त्यांना रिक्षातून स्थानकावर आणि तेथून आगगाडीने फिनिक्स आश्रमात घेऊन गेले. हळूहळू कस्तुरबा बऱ्या झाल्या.

रुग्णाने आपल्या मताचा मान राखला जावा असे म्हणावे, तसे त्याने दुसऱ्याचे ऐकण्याचीही तयारी ठेवावी लागते. गांधीजींना हा धडा कस्तुरबांनी दिला. 1918 मध्ये आमांशाने गांधीजी मरणाच्या दारी पोहोचले. दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टर दलाल यांनी सांगितले. परंतु गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांमुळे गांधीजींनी दूध वर्ज्य केले होते. पलंगाजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी चटकन शेळीच्या दुधाचा पर्याय सुचवला. डॉक्टरांनी तो उचलून धरला आणि गांधीजींनी तो मान्य केला. व्रताचे शब्द पाळले, तरी त्याचा आत्मा सुटला, असे त्यांना पुढे नेहमी वाटत राहिले. तरीही पत्नीच्या या समयसूचकतेने त्यांचे प्राण वाचले.

1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार जडला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. इंग्रज शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक यांनी तातडीने शस्त्रक्रिया करण्याचे ठरवले. सरकारचा कैदी आणि सरकारचाच डॉक्टर अशी ही नाजूक स्थिती होती. काही विपरीत घडले असते, तर देशभर क्षोभ उसळला असता. गांधीजींच्या विश्वासातील मुंबईचे डॉक्टर वेळेत येऊ शकत नव्हते. तेव्हा श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत एक निवेदन लिहून काढण्यात आले. कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास असून त्यांनीच शस्त्रक्रिया करावी, अशा आशयाच्या त्या कागदावर गांधीजींनी कापऱ्या हाताने सही केली. 12 जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ज्या राज्यसत्तेशी त्यांचा लढा होता, तिच्याच सेवेतील डॉक्टरच्या हाती त्यांनी समजून उमजून आपला जीव सोपवला होता. 5 फेब्रुवारी रोजी त्यांची सुटका झाली.

त्यानंतर तीन वर्षांनी नंदी टेकडी आणि बंगळूरचा मुक्काम आला. नंदी येथे ते सुमारे दीड महिना राहिले. ज्याने आयुष्यभर इतरांची सेवा केली, त्याला स्वस्थ पडून राहून सेवा करून घेणे जड जाते. परंतु गांधीजींनी विश्रांतीचा सल्ला मानला. सभा थांबल्या. सूतकताई आणि बेताचे लेखन एवढेच काम उरले. आहारात काय बदल केला म्हणजे काय परिणाम होतो, याचे निरीक्षण त्यांनी या काळातही चालू ठेवले. बंगळूरला कुमार पार्क येथे राहत असताना शक्ती परत येऊ लागली, तसतसे ते बाहेर पडू लागले. तेथील डेअरी संस्थेत जाऊन त्यांनी शास्त्रशुद्ध गोपालनाची माहिती करून घेतली. जुलैमध्ये त्यांनी बंगळूरच्या खादी प्रदर्शनात आणि भारतीय विज्ञान संस्थेत हजेरी लावली. प्रकृती पुरेशी सुधारल्यावरच त्यांनी पुन्हा दौरा सुरू केला. 1936 मध्ये रक्तदाबाच्या त्रासामुळे ते पुन्हा नंदी टेकडीवर विश्रांतीसाठी गेले होते.

उतारवयात वर्ध्याजवळील सेवाग्राम ही गांधीजींची कर्मभूमी झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्याबरोबर असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री 1939 च्या सुमारास तेथे आले. कुष्ठरोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्या काळी या रोगाविषयी लोकांच्या मनात विलक्षण भीती होती. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. शास्त्रीबुवा केवळ सेवा घेणारे रुग्ण राहिले नाहीत. आश्रमात विवाह लागत, तेव्हा पौरोहित्याचा मान त्यांना मिळे. रुग्ण हा आधी माणूस आहे, ही जाणीव गांधीजींनी अशा साध्या कृतीतून रुजवली.

त्यांचे सर्वच निर्णय निर्विवाद नव्हते. 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना कस्तुरबा अत्यवस्थ झाल्या. पुत्र देवदास यांनी पेनिसिलिन हे नवे औषध मागवले होते. काही तासांच्या अंतराने सुया टोचाव्या लागतील, हे समजल्यावर अखेरच्या घटकेला त्यांना हा त्रास देऊ नये, असे गांधीजींनी ठरवले. 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबांचे निधन झाले. या निर्णयाविषयी पुढे पुष्कळ चर्चा झाली. आप्तांवर येणारी अशी जबाबदारी किती अवघड असते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

1946 मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन या खेड्यात गांधीजींनी निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. स्वच्छता, योग्य आहार आणि शरीराची ओळख यांच्या बळावर खेड्यातील गरीब माणसालाही आपले आरोग्य सांभाळता यावे, हा त्यामागील हेतू होता. गांधीजी परतल्यावर मणिभाई देसाई यांनी हे काम पुढे चालवले. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. हाच दिवस भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.

गांधीजींच्या काळानंतर वैद्यकशास्त्राने फार मोठी प्रगती केली आहे. विषमज्वर, प्लेग आणि कुष्ठरोग यांवर आज गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. त्यामुळे त्यांचे माती-पाण्याचे उपचार जसेच्या तसे उचलावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रुग्णाचे म्हणणे ऐकले जावे, त्याला आजाराची खरी माहिती मिळावी आणि उपचारापूर्वी त्याची संमती घेतली जावी, हा त्यांचा आग्रह आज रुग्णाचा हक्क म्हणून मान्य झाला आहे. डर्बनच्या त्या लहानशा दवाखान्यात गिरमिटिया मजुराची तक्रार डॉक्टरांना समजावून सांगणारा तरुण वकील या हक्काचेच काम करीत होता. आपल्या घरातील रुग्णाबरोबर दवाखान्यात जाताना त्याचे दुखणे नीट सांगणे, न समजलेले पुन्हा विचारणे आणि औषधाची चिठ्ठी वाचून घेणे, हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.