हवा तपासून पाहणारा हकीम

रमजानच्या आधी शाबान महिना येतो. या महिन्याशी वैद्यकाच्या इतिहासातील एका मोठ्या माणसाचे नाते आहे. सुप्रसिद्ध विद्वान अल-बिरुनी यांनी केलेल्या नोंदीनुसार या माणसाचा जन्म हिजरी २५१ च्या शाबानमध्ये, म्हणजे इसवी सन ८६५ मध्ये झाला आणि मृत्यूही हिजरी ३१३ च्या शाबानमध्येच, म्हणजे इसवी सन ९२५ मध्ये झाला. त्यांचे पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल-राझी. युरोपने त्यांना रेझेस म्हटले आणि कित्येक शतके त्यांची पुस्तके आपल्या विद्यापीठांत शिकवली.

राझी म्हणजे रय या गावचा. हे शहर इराणमध्ये, आजच्या तेहरानला अगदी लागून होते. तरुणपणी त्यांना संगीताची आवड होती आणि ते ऊद वाजवत असे सांगतात. पुढे किमयाशास्त्राचा नाद लागला. धातू तापवणे, ऊर्ध्वपातन करणे, क्षार वेगळे करणे यांत बरीच वर्षे गेली. वैद्यकाकडे ते तसे उशिराच वळले. पण भट्टीसमोर लागलेली एक सवय जन्मभर राहिली. ऐकलेले लगेच खरे मानायचे नाही, आधी करून पाहायचे.

वैद्यक शिकल्यावर ते आधी रयच्या आणि मग बगदादच्या बिमारिस्तानचे प्रमुख झाले. बिमारिस्तान म्हणजे रुग्णालय. बगदाद तेव्हा अब्बासी खलिफांची राजधानी होती आणि तिथे मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू असे सर्व धर्मांचे वैद्य काम करीत. इब्न अल-नदीम या ग्रंथसूचीकाराने राझींच्या दवाखान्याचे वर्णन केले आहे. ते मध्ये बसत, त्यांच्याभोवती शिष्य, शिष्यांभोवती त्यांचे शिष्य. आलेला रुग्ण आधी बाहेरच्या रांगेतील शिकाऊंना आपले दुखणे सांगे. त्यांना उमगले नाही तर आतल्या रांगेला विचारले जाई आणि तिथेही अडले तर राझी स्वतः बोलत. गरिबांशी ते मायेने वागत आणि त्यांना पदरचे पैसेही देत. ज्याला वैद्य परवडत नाही किंवा ज्याच्या गावात वैद्यच नाही, अशा माणसासाठी त्यांनी घरगुती उपचारांचे वेगळे पुस्तक लिहिले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र हवेची आहे. बगदादमध्ये नवे रुग्णालय कुठे बांधावे असा प्रश्न पडला. राझींनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगायला सांगितले. मग रोज जाऊन पाहायचे. जिथले मांस सर्वांत उशिरा सडले, तिथली हवा चांगली आणि तीच रुग्णालयाची जागा.

ही गोष्ट तेराव्या शतकातील वैद्य-इतिहासकार इब्न अबी उसैबिआ यांनी नोंदवली आहे. ती बगदादच्या प्रसिद्ध अदुदी रुग्णालयाशी जोडली जाते. अडचण अशी की, ते रुग्णालय अदुद अल-दौला या सत्ताधीशाने सुरू केले तेव्हा राझींना जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. खुद्द इब्न अबी उसैबिआ यांनीच ही शंका लिहून ठेवली आहे. एक तर ही गोष्ट आधीच्या एखाद्या रुग्णालयाची असेल किंवा मोठ्या माणसाच्या नावावर नंतर जमा झाली असेल. रमजानच्या दिवसांत थोरांच्या अनेक कथा सांगितल्या जातात. आवडलेल्या कथेवरही शंका नोंदवण्याचा जुन्या अरबी इतिहासकारांचा हा प्रामाणिकपणा आपण जपण्यासारखा आहे.

कथा बाजूला ठेवली तरी राझींची पद्धत त्यांच्या ग्रंथांत दिसतेच. मेंदूच्या सुजेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांचे रक्त काढण्याचा उपचार तेव्हा रूढ होता. तो खरोखर उपयोगी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी एका गटाचे रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही. मग दोन्ही गटांची तुलना केली. आज नवे औषध तपासताना असेच दोन गट करतात. ग्रीक वैद्य गॅलेन हा तेव्हाच्या वैद्यकातला शेवटचा शब्द मानला जाई. राझी त्याला गुरू मानत, तरीही त्याच्या मतांवरील शंकांचे एक पुस्तकच त्यांनी लिहिले. त्यांच्या तत्त्वज्ञानविषयक आणि धर्मविषयक मतांवर त्या काळातही कडक टीका झाली. पण ती मते न पटणाऱ्यांनीही त्यांचे वैद्यक सोडले नाही.

श्वासाशी आणि हवेशी संबंधित त्यांची दोन कामे आज विशेष वाचनीय वाटतात. पहिले आहे एक छोटे टिपण. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला दर वसंतात, गुलाब फुलले की सर्दी होई, नाक वाहू लागे. राझींनी त्याचा संबंध गुलाबाच्या वासाशी जोडला. आज आपण याला ॲलर्जी म्हणतो. दुसरे आहे देवी आणि गोवर यांवरचे पुस्तक. दोन्हींत ताप आणि पुरळ, त्यामुळे लोक घोळ करीत. राझींनी दोन्हींची लक्षणे वेगवेगळी मांडली. पाठदुखी देवीत अधिक, अस्वस्थता आणि मळमळ गोवरात अधिक, अशा बारकाव्यांनी त्यांनी वैद्यांना फरक ओळखायला शिकवले.

मात्र हे रोग कसे पसरतात, हे त्यांना कळले नव्हते. रक्तात उकळी फुटून देवी येते असे त्यांचे मत होते. विषाणू ही कल्पना त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी आली. मांस सडण्यावरून त्या जागेची उष्णता, ओलावा आणि माश्या यांचा अंदाज येतो. तिथे कुणाच्या खोकल्यातून कोणता रोग पसरतो आहे, हे त्यावरून समजत नाही.

राझींनी वर्णन केलेला गोवर हवेतून पसरतो, हे दाखवणाऱ्यांत अमेरिकेतील विल्यम वेल्स हे एक मोठे नाव. बोलताना, खोकताना उडणारे अगदी बारीक थेंब वाळून हलके होतात आणि खाली न पडता बराच वेळ तरंगत राहतात, असे त्यांनी १९३०च्या दशकात मांडले. हवेतील जंतू पकडण्याचे यंत्रही बनवले. फिलाडेल्फियातील काही शाळांच्या वर्गांत त्यांनी अतिनील किरणांचे दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत अशा वर्गांतील मुलांमध्ये रोग कमी पसरला. आज आपल्याला ठाऊक आहे की, गोवर झालेला माणूस खोली सोडून गेल्यावरही त्याचा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो.

वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये केलेला प्रयोग तर राझींच्या मांसाची आठवण करून देतो. क्षयरोग्यांच्या वॉर्डमधील हवा त्यांनी नळ्यांतून गिनीपिगांच्या खोलीत नेली. ते प्राणी रुग्णांच्या जवळही गेले नव्हते, तरी त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिलेल्या दुसऱ्या गटाला मात्र झाला नाही. क्षयाचे जंतू विषाणू नाहीत, पण हवाच रोग वाहून नेते हे त्यातून सिद्ध झाले.

आता गिनीपिग लागत नाहीत. रुग्णालय, शाळा, विमानतळ अशा ठिकाणी एक पंप ठरावीक वेळ हवा ओढतो. ती बारीक गाळणीतून किंवा द्रवातून जाते आणि अडकलेल्या कणांची पीसीआर चाचणी होते. कोविडच्या काळात नाकातील नमुन्याची जी चाचणी आपण सर्वांनी पाहिली, तीच इथे हवेची होते. तिलाही मर्यादा आहे. पीसीआरला विषाणूचे जनुकीय अंश सापडतात, पण तो विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी तो पेशींमध्ये वाढवून पाहावा लागतो. एक सोपा उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोजणे. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. गर्दीच्या बंद खोलीत ते वाढत गेले, तर समजावे की आपण एकमेकांनी सोडलेला श्वासच पुन्हा आत घेत आहोत.

भारतात हे काम करणाऱ्यांत हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था, म्हणजे सीसीएमबी, आहे. चंडीगडच्या इमटेक संस्थेबरोबर तिने कोविडकाळात हैदराबाद आणि मोहालीतील रुग्णालयांच्या हवेचे नमुने तपासले. अतिदक्षता विभागात आणि साध्या वॉर्डातही विषाणूचे अंश सापडले.

हैदराबादशी राझींचेही नाते आहे. त्यांनी आयुष्यभर रुग्णांच्या आणि वाचनाच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर वजीर इब्न अल-अमीद याने त्या राझींच्या बहिणीकडून मिळवल्या आणि शिष्यांनी त्या लावून घेतल्या. त्यातून ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. त्यात ग्रीक वैद्यांबरोबर आपल्या चरक-सुश्रुतांचीही मते घेतली आहेत. १२७९ मध्ये सिसिलीतील फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने त्याचे लॅटिन भाषांतर केले. मूळ अरबी ग्रंथाची छपाई हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेने १९५५ मध्ये सुरू केली आणि २३ भागांत ती पूर्ण केली. पहिला भाग निघाला तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. हवा, तब्येत, दवा, इलाज हे शब्द आपण रोज मराठीत बोलतो. ते सर्व अरबीतून आलेले आहेत आणि राझींनाही ते ओळखीचे वाटले असते.

शेवटच्या दिवसांत राझींची दृष्टी गेली. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या वैद्याला त्यांनी डोळ्याचे पडदे किती, असे विचारले आणि त्याला सांगता न आल्यावर त्याला परत पाठवले, अशी कथा आहे. जग पुरेसे पाहून झाले, असे म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, असेही सांगतात. अल-बिरुनींनी त्यांच्या १८४ लेखनकृतींची यादी केली आहे.

रमजानमध्ये मशिदींत तरावीहला दाटीवाटीने रांगा लागतात, इफ्तारला सर्व धर्मांचे शेजारी एकत्र बसतात. लग्नाचे हॉल, शिकवणीचे वर्ग, कीर्तनाचे मंडप यांतही आपण तीच हवा वाटून घेतो. पाणी गढूळ असले तर डोळ्यांना दिसते, हवेचे तसे नाही, म्हणून ती तपासावी लागते. पंप आणि पीसीआर प्रत्येक ठिकाणी येणार नाहीत, पण खिडक्या समोरासमोर उघडता येतात, पंख्याने आतली हवा बाहेर काढता येते, सर्दी-खोकला असलेल्याला त्या दिवशी घरी थांबता येते. नवे सभागृह, वर्ग किंवा इबादतगाह बांधताना फरशी आणि रंग ठरवण्याआधी तिथे हवा कशी खेळेल, हे विचारता येते. मांस टांगण्याची गोष्ट घडली असो वा नसो, बांधकामाआधी हवेचा विचार करण्याची तिची शिकवण आजही उपयोगी आहे.