जॉन टी. स्कोप्स

जॉन थॉमस स्कोप्स (३ ऑगस्ट, १९००:पडुका, केंटकी - २१ ऑक्टोबर, १९७०:श्रीव्हपोर्ट, लुईझियाना) हे अमेरिकन शिक्षक व भूवैज्ञानिक होते. शाळेत उत्क्रांतिवाद शिकविल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर १९२५ साली चाललेला खटला प्रसिद्ध आहे.

खटला

केंटकी विद्यापीठाची पदवी घेऊन स्कोप्स १९२४मध्ये टेनेसी राज्यातील डेटन येथे शिक्षक झाले. मार्च १९२५मध्ये राज्याने बटलर कायदा केला. बायबलमधील निर्मितिकथा नाकारून मानवाची उत्पत्ती खालच्या प्राण्यांपासून झाल्याचे सरकारी शाळांत शिकविणे त्यामुळे गुन्हा ठरले. राज्याने मान्य केलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मात्र उत्क्रांतीचे विवेचन होतेच. कायद्याची वैधता तपासण्यासाठी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने साहाय्य देऊ केले व गावातील मंडळींच्या विनंतीवरून स्कोप्स आरोपी होण्यास तयार झाले. बदली शिक्षक म्हणून घेतलेल्या तासांना तो भाग शिकविला होता की नाही, हे त्यांना स्वतःलाही निश्चित आठवत नव्हते.

खटल्यात विल्यम जेनिंग्ज ब्रायन सरकारपक्षातर्फे, तर क्लॅरेन्स डॅरो बचावपक्षातर्फे उभे राहिले. न्यायाधीशांनी शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्युरीपुढे येऊ दिल्या नाहीत. स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. ही रक्कम ज्युरीऐवजी न्यायाधीशांनी ठरविल्याच्या तांत्रिक कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली शिक्षा रद्द केली. कायदा मात्र वैध ठरविला. तो १९६७पर्यंत टिकला.

उत्तरायुष्य

पुढे शिकागो विद्यापीठात भूशास्त्राचे अध्ययन करून स्कोप्स यांनी तेल व वायू कंपन्यांत नोकरी केली. १९६७ साली त्यांचे सेंटर ऑफ द स्टॉर्म हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. उत्क्रांतिवादाच्या अध्यापनावरील आर्कान्सातील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली घटनाबाह्य ठरविली. उत्क्रांतिवादासोबत निर्मितिवादही शिकविण्याची लुईझियाना राज्याची सक्ती त्याच न्यायालयाने १९८७ साली रद्द केली.