जळक्या घरात झोपायची वेळ आलेल्या आंधळ्या गायकाचं गाणं आज अंतराळात फिरतंय

ब्लाइंड विली जॉन्सन. जन्म १८९७, टेक्सास. सावत्र आईने बापावरचा राग पोरावर काढला, डोळ्यांत जळजळीत पाणी फेकलं आणि लहानपणीच त्याची दृष्टी गेली, असं सांगितलं जातं. पुढे तो रस्त्याच्या कडेला गिटार वाजवत देवाची गाणी म्हणू लागला. ढंग ब्लूजचा, शब्द चर्चचे.

डिसेंबर १९२७ मध्ये कोलंबिया कंपनीने डॅलसमध्ये त्याला रेकॉर्ड केलं. १९३० पर्यंत ३० गाणी झाली, खपलीही. मग महामंदी आली आणि गडी पुन्हा रस्त्यावर.

१९४५ मध्ये ब्यूमाँटमधलं घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती. बायकोने नंतर सांगितल्याप्रमाणे दोघं त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर झोपले. मलेरियाचा ताप चढला आणि सप्टेंबरमध्ये विली गेला.

खरी गोष्ट यानंतरची. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. त्यात विलीचं 'डार्क वॉज द नाइट' आहे. या गाण्यात शब्दच नाहीत, नुसती गिटार आणि त्याचं गुणगुणणं. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, बरं का!

व्हॉयेजर १ आता २४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेलंय.