वॉलेस कॅरोदर्स

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असता जाळ्याचा धागा हाती घेऊन पाहावा. तो बारीक असतो, पण सहसा तुटत नाही. खाऱ्या पाण्यात भिजूनही कुजत नाही. पूर्वी गाबीत मच्छीमारांची जाळी सुताची व तागाची असत. ती झाडांच्या सालीच्या काढ्यात भिजवावी लागत, पुनःपुन्हा वाळत घालावी लागत, आणि तरीही लवकर कुजत. नायलॉनने तो त्रास संपविला. अर्थात न कुजणे हा दोषही आहेच. समुद्रात सुटून राहिलेल्या जाळ्यात कासवे अडकतात.

या नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स १८९६ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात जन्मले. हार्वर्ड विद्यापीठात ते अध्यापक होते. परंतु व्याख्यानांपेक्षा प्रयोगशाळेत त्यांचे मन अधिक रमे. १९२८ साली ते विल्मिंग्टन येथे ड्यू पाँट कंपनीत रुजू झाले.

रेशीम, रबर इत्यादी पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके, की कडीला कडी जोडून झालेल्या प्रचंड साखळ्या, असा वाद त्या काळी रसायनशास्त्रज्ञांत चालला होता. जर्मनीचे श्टाउडिंगर साखळीच्या पक्षाचे होते. वाद घालीत बसण्यापेक्षा अशी साखळी स्वतःच गुंफून दाखवावी, असे कॅरोदर्स यांनी ठरविले. एमिल फिशर यांनी १९०७ साली अमिनो आम्लांच्या १८ कड्या जोडून पेप्टाइड बनविले होते. कॅरोदर्स यांना त्याहून पुष्कळ लांब साखळी हवी होती. अडचण पाण्याची होती. दोन कड्या जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि ते पाणी तेथेच राहिले तर जुळलेली कडी पुन्हा सुटते. ते सतत काढून टाकण्याची युक्ती साधली, तेव्हा १९३० साली त्यांचे सहकारी जुलियन हिल यांनी वितळलेल्या पदार्थातून लांबच लांब धागा ओढला. थंड झाल्यावर ताणला की तो अधिकच चिवट होई. पण थोड्या उष्णतेनेही वितळे. मग रेशमातील कड्या ज्या बंधाने जोडलेल्या असतात, त्याच अमाइड बंधाचा आश्रय घेण्यात आला, आणि २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन तयार झाले.

कॅरोदर्स यांना तरुणपणापासून खिन्नतेचा आजार होता. आपली बुद्धी आटली, आता आपल्या हातून काही होणार नाही, असे त्यांना वाटे. आणि नायलॉननंतरही हे वाटणे सुटले नाही. १९३६ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण वारली. २९ एप्रिल रोजी त्या आजाराने त्यांचाही बळी घेतला. त्यांचे वय अवघे ४१ होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची कन्या जन्मास आली. पुढील वर्षी नायलॉनची घोषणा झाली, आणि बाजारात प्रथम आले ते दात घासण्याचे ब्रश. मालवणच्या जाळ्यांपर्यंत तो धागा पोहोचावयास आणखी बरीच वर्षे लागली.