कै. खाशाबा जाधव आणि आजचे मल्ल

२०२४ सालच्या नागपंचमीची गोष्ट. दिवसभर झिम्मा-फुगड्या खेळून आम्ही बायका दमलो होतो, तरी रात्री घरोघर टीव्ही चालू होते. कारण पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतची कुस्ती होती. त्याने कांस्यपदक जिंकले आणि दुसऱ्या दिवशी भवानीनगरात जो तो तेच बोलू लागला. आमच्या मामंजींनी मात्र वेगळा सूर लावला. आजच्या पोरांना खुराक, गादी, वस्ताद सारे आयते मिळते. खरा मल्ल एकच, खाशाबा, असे त्यांचे म्हणणे. माझी पुतणी तेव्हा नुकतीच तालमीत जाऊ लागली होती. ती काही न बोलता उठून आत गेली.

मामंजींचे बोलणे खोटे नव्हते, पण मला ते पुरतेही वाटेना. म्हणून खाशाबांचे चरित्र पुन्हा वाचून काढले. त्यातून जे हाती लागले, ते आज वर्धापनदिनाच्या निमित्ताने मैत्रिणींपुढे ठेवते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरची शेती, आणि तालमीचे बाळकडू वडिलांकडून मिळालेले. शाळा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने ते काही आडदांड नव्हते. शक्तीपेक्षा चपळाई आणि डाव यांवर त्यांची भिस्त असे.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेल्या या तरुणाला तिथे गादीवर आणि परक्या नियमांनी खेळावे लागले. तरीही त्यांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळवला. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानून परतला असता. खाशाबांनी मात्र पुढची चार वर्षे अधिकच कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा पुन्हा पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी यथाशक्ती हातभार लावला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या पोटच्या मुलासाठीही घर गहाण टाकताना माणूस दहादा विचार करतो. येथे तर एका गुरूने शिष्यासाठी ते केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशी याच्याशी झालेली लढत लांबली आणि ते थोडक्यात हरले. त्यानंतर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती न मिळता त्यांना लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला आपल्याकडचा कोणीही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. तरीही त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली लिअँडर पेसने आणले. मध्ये ४४ वर्षे गेली.

गावी परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गुलाल धुऊन गेल्यावर काय उरले? खाशाबांनी कुस्त्या भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचे ऑलिंपिक हुकले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

आता तुलनेकडे वळते. गंमत अशी, की खाशाबांचे पदक ५७ किलो गटातले आणि अमनचेही ५७ किलोंचेच. गट तोच, पदकही तेच, मध्ये ७२ वर्षे. त्याच पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवले, तेही महाराष्ट्राला खाशाबांनंतर ७२ वर्षांनी लाभलेले वैयक्तिक पदक. अमनला सारे आयते मिळाले म्हणावे, तर त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले. उपांत्य फेरीनंतर एका रात्रीत त्याला साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवावे लागले. दोनच दिवस आधी विनेश फोगाट शंभर ग्रॅम जादा भरल्याने अंतिम लढतीस मुकली होती. खाशाबांच्या वाटेतले काटे वेगळे, यांच्या वाटेतले वेगळे.

म्हणून मला वाटते, दोघांना एका तराजूत घालू नये. खाशाबा एकटे लढले हे त्यांचे मोठेपण खरे. पण त्यांना एकटे लढावे लागले, ही आपली सर्वांची उणीव होती. त्या उणिवेचे कौतुक करून आजच्या मुलांना हिणवले, तर खाशाबांचा मान वाढत नाही.

आणि मुलींचे काय? खाशाबांच्या हयातीत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्तीच नव्हती. ती २००४ साली सुरू झाली. साक्षी मलिकने २०१६ साली पदक आणले, तेव्हा कुठे गावोगावच्या पुष्कळ बापांना मुलीला तालमीत धाडावेसे वाटू लागले. माझ्या पुतणीने तुलना करायचीच म्हटली, तर कोणाशी करावी?

हे सारे मी मामंजींना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पुतणीच्या दुधाची चौकशी त्यांनी आपणहून केली.

संक्रांतीला आपण हौसेने वाण लुटतो. एखाद्या वर्षी डबे-वाट्या न वाटता ती रक्कम आपल्या भागातल्या एका खेळाडू मुलीच्या खुराकाला द्यावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले होते. आपल्याला तर फक्त एका वर्षाचे वाण सोडायचे आहे.