विष्ठेतला पत्ता

जानेवारी २०००. कांगोत युद्ध पेटलेले असताना ६३ वर्षांचे एक ब्रिटिश प्राध्यापक किसानगानी शहराजवळच्या जंगलात चिंपांझींची विष्ठा आणि मूत्र गोळा करत हिंडत होते. विल्यम हॅमिल्टन त्यांचे नाव. १९३६ साली कैरोत जन्म, आई डॉक्टर. लहानपणी स्फोटकांशी खेळताना उजव्या हाताच्या बोटांची टोके गेली. कामकरी मुंगी स्वतःची पिल्ले सोडून बहिणींसाठी का राबते, याचे जनुकीय गणित त्यांनी १९६४ साली मांडले आणि उत्क्रांतीशास्त्रात त्यांचे नाव कायमचे झाले.

असा माणूस कांगोत पोहोचला तो एका बदनाम तर्कामुळे. १९५७ ते १९६० या काळात तिथे लाखो लोकांना तोंडावाटे पोलिओची प्रायोगिक लस दिली गेली होती. लसीच्या चाचण्यांसाठी किसानगानीजवळ शेकडो चिंपांझी ठेवले होते. त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर लस वाढवली आणि त्यातून एचआयव्ही माणसात आला, असा तो आरोप. लस बनवणाऱ्यांनी तो साफ नाकारला. बहुतेक शास्त्रज्ञ त्याकडे बघायलाही तयार नव्हते. हॅमिल्टन यांचे म्हणणे एवढेच, की आधी तपासा. आरोप खरा असो वा खोटा, लसीवरच्या विश्वासाचा प्रश्न होता. त्यामुळे त्यांचा हट्ट रास्तच म्हणावा लागेल.

तपासायचे कसे? चिंपांझींना पोहता येत नाही. मोठ्या नद्यांनी त्यांचे कळप हजारो पिढ्या वेगळे ठेवले. दोन काठांमध्ये जनुकांची ये-जा फारच कमी, म्हणून चार उपप्रजाती झाल्या. उबांगी नदीच्या एका बाजूला मध्य आफ्रिकी चिंपांझी, दुसऱ्या बाजूला पूर्वेकडचे. त्यांच्या अंगातला एसआयव्ही हा विषाणूही दोन्हीकडे वेगळा. किसानगानीचे चिंपांझी पूर्वेकडचे. लस दोषी असेल, तर एचआयव्हीचा सख्खा नातलग तिथेच सापडायला हवा. त्यासाठी जनावर पकडायची गरज नाही. आतड्याच्या पेशी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. त्यांतून चिंपांझीची ओळख पटते आणि विष्ठेतच विषाणूचीही खूण मिळते. विष्ठा तपासून निदान करणे वैद्यकाला काही नवे नाही!

परतताना हॅमिल्टन यांना मलेरिया झाला होता. लंडनमध्ये ते कोसळले आणि ७ मार्च २००० रोजी गेले. मृत्यू मलेरियाने झाला असे अजूनही सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात मृत्युचौकशीत कारण नोंदले गेले ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणातून झालेला रक्तस्राव आणि त्यामुळे निकामी झालेले अवयव.

त्या नमुन्यांतून विषाणू हाती लागला नाही. मोहिमेतले तरुण सहकारी मायकेल वोरोबी पुन्हा कांगोत गेले. दरम्यान २००१ साली जुन्या लसीच्या साठ्यातले नमुने तपासले गेले. त्यांत माकडाचा डीएनए मिळाला, चिंपांझीचा नाही. २००३ साली उत्तर नायजेरियात पोलिओ लसीवर बहिष्कार पडला. तिथल्या अफवांत एचआयव्हीचीही होती. २००४ साली वोरोबी यांचा निष्कर्ष आला: किसानगानीजवळच्या चिंपांझींचा विषाणू एचआयव्हीच्या कुळापासून स्पष्टपणे दूरचा आहे. म्हणजे लस निर्दोष.

मग मूळ कुठे? तेही विष्ठेनेच सांगितले. २००६ साली जगभर पसरलेल्या एचआयव्हीचा सर्वांत जवळचा नातलग सापडला तो आग्नेय कॅमेरूनच्या रानात, किसानगानीपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, उबांगीच्या पलीकडे.