केरूनाना छत्रे: पंचांगाची टेस्ट घेणारे प्राध्यापक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणाऱ्याला किरणोत्सव समजावून सांगायला नको. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मग ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ती अंबाबाईच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोचावीत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतली बांधकामं. म्हणून बघणाऱ्याच्या डोक्यात दोन कॉलम असतात: काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.

सॉफ्टवेअरची ऑटोमेटेड टेस्ट हेच करते. एका तक्त्यात बरोबर उत्तरं आधीच लिहून ठेवतात, दुसऱ्यात प्रोग्रॅमने दिलेली उत्तरं येतात. मग रो जोडीने तपासायच्या. जुळली की हिरवी, नाही जुळली की लाल. ऐकायला सोपं वाटतं. पण लाल रो दिसल्यावर नेमकं काय दुरुस्त करायचं? हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकांसमोर होता. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. त्यांनी टेस्ट घेतली ती थेट पंचांगाची.

नागाव ते कुलाबा

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. मूळ नाव विनायक, पण सगळे केरूनाना म्हणत. आईवडील लहानपणीच गेले. काका सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्यांना मुंबईत शिकायला आणलं. हे काका म्हणजे सुरुवातीच्या मराठी पाठ्यपुस्तकांचे लेखक बापू छत्रे.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक ऑर्लेबार यांनी या मुलाची गणिताची आवड ओळखली. कुलाब्याच्या वेधशाळेचं काम ऑर्लेबारच बघत. केरूनाना जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे असताना तिथे नोकरीला लागले. काम काय, तर ठरलेल्या वेळी यंत्रासमोर उभं राहायचं आणि हवामानाचा, चुंबकत्वाचा आकडा वहीत लिहायचा. रोज, वर्षानुवर्षं. काम कंटाळवाणं, पण त्यातून एक शिस्त अंगात भिनते: जे दिसलं तेच लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही.

१८५१ मध्ये ते पुण्याला आले. तिथलं कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झालं. केरूनाना तिथे गणित शिकवू लागले. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

जुना कोड, जुनी उत्तरं

तेव्हा महाराष्ट्रात पंचांगं बनत ती मुख्यतः ग्रहलाघव या ग्रंथावरून. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास लिहिला. ग्रंथ कमालीचा हुशार आहे. अवघड ज्या-कोज्यांचं गणित टाळून सोप्या रीतीने ग्रहांची जागा काढता यावी, अशी त्याची रचना. आजच्या भाषेत सांगायचं तर साध्या फोनवरही पळणारं हलकं ॲप.

आणि गणेश दैवज्ञ काही डोळे मिटून जुनं मानणारे नव्हते. ते आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ, दोघांनीही स्वतः आकाश बघून आधीच्या गणितात दुरुस्त्या केल्या होत्या. म्हणजे टेस्ट घेतली होती. गडबड पुढे झाली. ॲप चालत राहिलं, टेस्ट बंद पडली.

रोज फक्त १ सेकंद मागे पडणारं घड्याळ घ्या. ३४० वर्षांत ते सुमारे साडेचौतीस तास मागे पडेल. गणितातल्या बारीक चुका अशाच साठतात. एकोणिसाव्या शतकात पंचांगातली ग्रहणाची वेळ आणि आकाशातली वेळ यांत फरक पडत होता, ग्रहांच्या जागाही सरकलेल्या होत्या.

इथे उत्तरपत्रिका कोणती, हे नीट समजून घ्या. ग्रहलाघव हा प्रोग्रॅम, पंचांग हे त्याने दिलेलं उत्तर, आणि आकाश ही उत्तरपत्रिका. रो जुळली नाही तर आकाश बदलता येत नाही. बदलायचा तो प्रोग्रॅम.

केरूनानांनी तेच केलं. युरोपातल्या वेधशाळांनी तपासलेल्या आकड्यांच्या आधाराने त्यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत छापली. मग आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने १८६५ पासून नव्या गणिताचं पंचांग सुरू झालं. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणू लागले.

एक रो सरकली आणि वाद पेटला

ग्रहणं आकाशाशी जुळायला लागली. मग सगळ्यांनी हे पंचांग लगेच घेतलं? नाही.

कारण केरूनानांनी आणखी एक गोष्ट बदलली होती. राशिचक्र कुठून मोजायचं, तो शून्याचा बिंदू. त्यांनी तो रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापाशी धरला. जुन्या पंचांगांच्या मानाने हा फरक सुमारे ४ अंशांचा, म्हणजे सूर्याच्या चालीने साधारण ४ दिवसांचा. त्यामुळे संक्रांत चार दिवस आधी आली.

इतकंच असतं तर भागलं असतं. पण ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही, तो अधिक महिना. संक्रांती सरकल्या की अधिक महिनाही कधी कधी दुसरीकडे पडतो. समजा, एका पंचांगात आषाढ अधिक आला आणि दुसऱ्यात श्रावण. मग आषाढी एकादशीच एक महिना मागे-पुढे! वारकऱ्याने निघायचं तरी कधी?

टेस्टिंग करणाऱ्यांना ही अडचण चांगली ओळखीची आहे. तक्त्यात मध्येच एक जादा रो घुसली आणि तुम्ही पहिली रो पहिलीशी, दुसरी दुसरीशी अशी तपासत गेलात, तर खालच्या सगळ्या रो लाल होतात. डेटा मात्र तोच असतो. म्हणून रो तपासायच्या त्या नंबरवरून नाही, तर ओळखीच्या खुणेवरून. इथे ती खूण म्हणजे आकाशातला चंद्र. त्या रात्रीचा चंद्र दोन्ही पंचांगांना एकच होता. बदललं होतं महिन्याचं नाव.

म्हणजे लाल रो दोन प्रकारच्या होत्या. ग्रहणाची वेळ चुकते, ही खरी चूक. ती आकाश बघून सिद्ध करता येते. शून्य कुठे धरायचा, हा मात्र माणसांनी ठरवायचा नियम. त्याचं उत्तर दुर्बिणीतून दिसत नाही. ते सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं.

मग जिंकलं कोण?

केरूनाना १८७९ मध्ये निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी गेले. पटवर्धनी पंचांग त्यांच्या हयातीत थोड्याच घरांत पोचलं. पुढे टिळकांनी ही बाजू उचलून धरली. आजही टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास असते. ते वापरणारे मात्र कमीच.

पण त्यांचं मुख्य म्हणणं टिकलं. शून्याचा बिंदू बहुतेकांनी दुसरा निवडला, तरी गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे, हे मान्य झालं. घरोघरी दिसणारं दाते पंचांगही अशाच दृक्‌गणितावर बनतं.

तेव्हा पुढच्या वेळी टेस्टमध्ये लाल रो दिसली, तर आधी स्वतःला विचारा: आकडा चुकलाय, रो सरकलीय, की नियमच दोघांचा वेगळा आहे? पहिल्यासाठी कोड दुरुस्त करा, दुसऱ्यासाठी तपासायची रीत. तिसऱ्यासाठी मात्र माणसांशी बोलावं लागेल. आणि हिरवी दिसावी म्हणून उत्तरपत्रिकेत खाडाखोड करू नका. पंधराव्या वर्षी कुलाब्यात केरूनाना पहिली गोष्ट शिकले ती हीच.